गाडी आणि वाटाड्या : ब्राउझर व सर्च इंजिन यांची गोष्ट



आपण घरात रोज एक वाक्य बोलतो : ‘अरे, जरा गूगल उघड.’ नातू फोनवर टिचकी मारतो आणि काहीतरी उघडतं. काय उघडतं? कुणी म्हणतं गूगल, कुणी म्हणतं क्रोम, कुणी म्हणतं इंटरनेट. ही एकाच वस्तूची तीन नावं आहेत असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. इंटरनेट म्हणजे रस्ते. त्या रस्त्यांवरच्या उरलेल्या दोन गोष्टींचा, म्हणजे ब्राउझर आणि सर्च इंजिन यांचा, इतिहास आज सांगणार आहे.

हा गोंधळ फक्त आपल्या वयाच्या किंवा आपल्या देशातल्या माणसांचा आहे असं समजू नका. 2009 मध्ये खुद्द गूगल कंपनीच्या माणसांनी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये उभं राहून 50 हून अधिक लोकांना विचारलं, की ब्राउझर म्हणजे काय. बरोबर उत्तर देणारे 8 टक्केही निघाले नाहीत. अनेकांनी सांगितलं, ब्राउझर म्हणजे सर्च इंजिन.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 2010 मध्ये, या गोंधळाचा एक नमुना जगाने पाहिला. ‘रीडराइटवेब’ हे तंत्रज्ञानाच्या बातम्या देणारं संकेतस्थळ. त्यांनी फेसबुकच्या लॉगिनविषयी एक लेख प्रसिद्ध केला. फेसबुकवर जायचं तर फेसबुकचा पत्ता लिहावा, हे कित्येकांना ठाऊकच नव्हतं. ते गूगलमध्ये ‘फेसबुक लॉगिन’ असं लिहीत आणि वरच्या दुव्यावर टिचकी मारत. त्या वेळी हा लेख यादीत वर आला. लोक थेट लेखावर जाऊन पोहोचले आणि संतापले : फेसबुकचं रूप का बदललं? आम्हाला आत का येऊ देत नाही? शेवटी संपादकांना लेखातच ठळक अक्षरांत सांगावं लागलं, की हे फेसबुक नव्हे.

ते संकेतस्थळ प्रामाणिक होतं, म्हणून प्रकरण हसण्यावारी गेलं. त्या जागी कुणी भामटा असता तर? एवढा प्रश्न मनात ठेवा आणि माझ्याबरोबर मागे चला.

दोन वेगळी कामं

सैन्यात तुकडी अनोळखी मुलखात निघते तेव्हा दोन गोष्टींची सोय पाहावी लागते. एक गाडी, दुसरा वाटाड्या. गाडीला ठिकाण सांगितलं की ती तिथे नेते. वाटाड्या गाडी चालवत नाही. तो विचारल्यावर सांगतो, की तुम्हाला जे हवं आहे ते अमुक गावात मिळेल.

ब्राउझर ही गाडी. तो तुमच्या संगणकावर किंवा फोनवर बसवलेला प्रोग्रॅम असतो. त्याला पत्ता दिला की तो त्या पत्त्यावरच्या संगणकाकडून पान मागवतो आणि तुमच्या पडद्यावर मांडून दाखवतो. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज हे ब्राउझर. सर्च इंजिन हा वाटाड्या. तो तुमच्या फोनमध्ये बसलेला नसतो; दूर कुठेतरी कंपनीच्या संगणकांवर त्याचं काम चालतं. तिथपर्यंत जायलाही ब्राउझर नाहीतर त्या कंपनीचं अ‍ॅप लागतं. गूगल, बिंग, डकडकगो ही सर्च इंजिनं. क्रोममध्ये बसून बिंगला विचारता येतं आणि फायरफॉक्समध्ये बसून गूगलला. आणि पत्ता माहीत असेल तर वाटाड्याची गरजच नसते.

दोघांचा जन्म

गंमत अशी, की जगाच्या हाती ब्राउझर येण्याआधी वाटाड्या आला होता. रस्ते जुनेच होते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून ‘अर्पानेट’ उभं राहिलं आणि 29 ऑक्टोबर 1969 रोजी त्यावरून पहिला संदेश गेला. पुढच्या वीस वर्षांत विद्यापीठं आणि संशोधन संस्थांचे हजारो संगणक जोडले गेले. त्यांवर फायली होत्या, पण कोणती फाइल कुठे आहे, हे शोधणं डोकेदुखीचं काम होतं. 1990 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात शिकणारे, मूळचे बार्बाडोसचे अ‍ॅलन एमटेज यांनी त्यावर उपाय काढला. निरनिराळ्या संगणकांवरच्या फायलींच्या नावांच्या याद्या आपोआप गोळा करायच्या आणि एका जागी ठेवायच्या. या प्रोग्रॅमचं नाव ‘आर्ची’. अर्काइव्ह म्हणजे दप्तरखाना. त्या शब्दातलं एक अक्षर गाळून हे नाव केलं. सर्च इंजिनांचा हा मूळ पुरुष.

त्याच वर्षी जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या प्रयोगशाळेत गाडीचं काम चाललं होतं. टिम बर्नर्स-ली या इंग्रज संशोधकाने मार्च 1989 मध्ये वरिष्ठांपुढे एक टिपण ठेवलं होतं. संस्थेतली माहिती वेगवेगळ्या संगणकांवर विखुरलेली आहे, ती दुव्यांनी एकमेकींना जोडता येईल, अशी त्यांची कल्पना. 1990 संपता संपता त्यांनी पहिला ब्राउझर लिहून पुरा केला. त्याचं नाव ‘वर्ल्डवाइडवेब’. त्यात पान वाचता येई तसं लिहिताही येई. मात्र तो ‘नेक्स्ट’ नावाच्या महागड्या संगणकावरच चाले. निकोला पेलो या गणिताच्या विद्यार्थिनीने साध्या संगणकांवर चालणारा, फक्त अक्षरं दाखवणारा ब्राउझर लिहिला, तेव्हा वेब इतरांना वापरता येऊ लागलं. 30 एप्रिल 1993 रोजी सर्नने हे सगळं जगाला फुकट खुलं केलं.

मग नव्या संकेतस्थळांचा पत्ता लोकांना कसा कळे? बर्नर्स-ली स्वतः यादी ठेवत. नवं संकेतस्थळ निघालं की त्याची नोंद यादीत होई. म्हणजे गाडी होती, पण वाटाड्याच्या जागी हाताने लिहिलेली एक वही होती. काही काळातच ती वही अपुरी पडली.

वही अपुरी पडली याचं मोठं कारण ‘मोझेइक’. 1993 मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी हा ब्राउझर काढला. मजकुराच्या जोडीला त्याच पानावर चित्रं दिसू लागली आणि साध्या माणसाला वेब समजू लागलं. अँड्रीसन यांच्या पुढच्या कंपनीचा ‘नेटस्केप नॅव्हिगेटर’ डिसेंबर 1994 मध्ये आला. आपल्याकडे 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सामान्य ग्राहकांसाठी खुलं केलं. स्वस्त खातं घेणाऱ्याला फक्त अक्षरं दिसत. चित्रांसकट वेब पाहायचं तर महागडं खातं घ्यावं लागे.

वाटाड्याची वही कशी बनते

पानं वाढली तशी वही लिहिण्याच्या दोन पद्धती निघाल्या. पहिली माणसाच्या हाताची. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी 1994 मध्ये संकेतस्थळांची विषयवार यादी सुरू केली. तीच पुढे ‘याहू’ झाली. दुसरी पद्धत यंत्राची. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठात जोनाथन फ्लेचर यांनी डिसेंबर 1993 मध्ये ‘जंपस्टेशन’ सुरू केलं. आजच्या सर्च इंजिनाचे तिन्ही भाग त्यात प्रथम एकत्र आले : पानं गोळा करत फिरणारा प्रोग्रॅम, त्या पानांची सूची आणि प्रश्न लिहायचा चौकोन. 1994 चं ‘वेबक्रॉलर’ पानातला प्रत्येक शब्द सूचीत घेऊ लागलं. डिसेंबर 1995 मध्ये आलेल्या ‘अल्टाव्हिस्टा’ने वेग आणि आवाका दोन्ही वाढवले.

इथे एक मुद्दा नीट लक्षात घ्या. आपण प्रश्न विचारतो तेव्हा सर्च इंजिन त्या क्षणी जगभर शोधायला निघत नाही. ते आधीच करून ठेवलेली आपली वही उघडतं. जे पान वहीत नाही ते त्याच्या लेखी नाहीच. आणि वहीतल्या लाखो पानांपैकी कुठलं आधी दाखवायचं, हा निर्णयही त्याचाच असतो. वाटाड्याची खरी ताकद या क्रमात असते. गाडी मात्र अशी निवड करत नाही.

हा क्रम लावण्याची नवी युक्ती स्टॅनफर्डच्याच लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या विद्यार्थ्यांनी काढली. ज्या पानाकडे इतर पानं बोट दाखवतात ते पान महत्त्वाचं. आणि बोट दाखवणारं पान स्वतः महत्त्वाचं असेल तर त्या बोटाचं वजन जास्त. या पद्धतीचं नाव ‘पेजरँक’. तिच्यावरच्या निबंधात राजीव मोटवानी हे सहलेखक होते. त्यांचा जन्म जम्मूचा, शिक्षण आयआयटी कानपूरचं, आणि वडील भारतीय सैन्यात. आपल्या एका फौजी घरातल्या मुलाचा हात या कामाला लागला, याचा मला अभिमान वाटतो. सप्टेंबर 1998 मध्ये गूगल कंपनी स्थापन झाली.

त्याच वर्षीच्या आपल्या शोधनिबंधात पेज आणि ब्रिन यांनी एक इशाराही दिला होता. जे सर्च इंजिन जाहिरातींच्या पैशावर चालेल, ते वाचकाची गरज सोडून जाहिरातदाराकडे झुकणार, असं त्यांनी म्हटलं होतं. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर 2000 मध्ये, गूगलने शोधातल्या शब्दांशी जोडलेल्या जाहिराती विकायची ‘अ‍ॅडवर्ड्स’ ही योजना सुरू केली. आज कंपनीच्या कमाईचा मोठा आधार जाहिराती हाच आहे. जाहिरात घेणं हा गुन्हा नाही. पण वाटाड्याला काही दुकानदारांकडून पैसे मिळतात, हे आपल्याला ठाऊक असलेलं बरं.

दोन खिडक्या, मग एकच

तोपर्यंत गाड्यांची लढाई सुरू झाली होती. 1995 मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘इंटरनेट एक्सप्लोरर’ आणला आणि पुढे तो विंडोजबरोबर फुकट देऊन टाकला. संगणक विकत घेतला की गाडी आतच मिळे. नेटस्केप कोण शोधत बसणार? मे 1998 मध्ये अमेरिकन सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला, पण नेटस्केप त्या आधीच खचला होता. त्याचा प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला करण्यात आला आणि त्यातूनच नोव्हेंबर 2004 मध्ये ‘फायरफॉक्स’ आला.

त्या फायरफॉक्सचा माथा आठवून पाहा. वर दोन चौकोन होते. डावीकडे लांब चौकोन पत्त्यासाठी, उजवीकडे लहान चौकोन शोधासाठी. पत्ता माहीत असेल तर इथे लिहा, नसेल तर तिथे विचारा. गाडी आणि वाटाड्या यांच्यातला फरक पडद्यावरच आखलेला होता.

2 सप्टेंबर 2008 रोजी गूगलने स्वतःचा ब्राउझर आणला. त्याचं नाव क्रोम. ते काम पुढे नेणाऱ्यांत सुंदर पिचाई होते, जे नंतर कंपनीचे प्रमुख झाले. क्रोममध्ये दोन्ही चौकोनांचं काम एकाच चौकोनाला दिलं. त्यात पत्ता लिहा की प्रश्न लिहा, क्रोम ओळखून घेतो. सोय उत्तम होती, म्हणून बाकीच्यांनीही तसंच केलं. फोनच्या लहान पडद्यावर तर दोन चौकोनांना जागाच नव्हती. पण या सोयीबरोबर पत्ता लक्षात ठेवायची सवय मोडली. बँकेचा पूर्ण पत्ता लिहिण्याऐवजी आपण नुसतं बँकेचं नाव लिहितो आणि वाटाड्या जे वर दाखवेल तिथे जातो. भारतात लाखो माणसांच्या हाती पहिला संगणक म्हणून फोनच आला. त्यांनी ते दोन चौकोन कधी पाहिलेच नाहीत. मग त्यांना फरक कळावा तरी कसा?

गाडीत कोणता वाटाड्या आधीपासून बसवलेला असावा, यासाठी किती पैसा मोजला जातो, ते न्यायालयात उघड झालं. 2021 या एका वर्षात, आपलंच सर्च इंजिन आधीपासून निवडलेलं असावं म्हणून गूगलने फोन आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांना 26.3 अब्ज डॉलर दिले. 5 ऑगस्ट 2024 रोजी वॉशिंग्टनचे न्यायाधीश अमित मेहता यांनी निर्णय दिला, की गूगलने शोधाच्या क्षेत्रातली मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवली. हे मेहता जन्माने गुजरातमधल्या पाटणचे. सप्टेंबर 2025 मध्ये त्यांनी क्रोम विकायला लावण्याची सरकारची मागणी नाकारली, मात्र दुसऱ्याला वाव न देणाऱ्या करारांना मनाई केली. भारताच्या स्पर्धा आयोगानेही शोधाच्या निकालांत स्वतःला झुकतं माप दिल्याबद्दल 2018 मध्ये गूगलला 135.86 कोटी रुपयांचा दंड केला, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये अँड्रॉइड फोनच्या प्रकरणात 1,337.76 कोटींचा.

एवढा पैसा कशासाठी? कारण बहुतेक माणसं गाडीत बसवून दिलेला वाटाड्या कधीच बदलत नाहीत. बदलता येतो, हेच त्यांना ठाऊक नसतं. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन तो दोन मिनिटांत बदलता येतो.

हे आपल्याला का माहीत हवं

माझ्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार मेजर आहेत. पेन्शनची रक्कम खात्यात दिसेना, म्हणून त्यांनी फोनवर बँकेचं नाव आणि ‘तक्रार नंबर’ असे शब्द लिहिले. वर आलेल्या पानावरचा नंबर फिरवला. पलीकडचा माणूस अदबीने ‘साहेब, साहेब’ करत होता. त्याने एक अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगितलं, त्यामुळे साहेबांच्या फोनचा पडदा त्याला दिसू लागला, आणि पाऊण तासात खातं रिकामं झालं. ज्या माणसाने सियाचिनमध्ये अंधारात, बर्फात तुकडी चुकू दिली नाही, त्याला एका खोट्या नंबराने गाठलं. त्यांना सगळ्यांत जास्त बोचलं ते हे : ‘सर, मला वाटलं मी बँकेतच गेलो होतो.’

ते बँकेत गेले नव्हते. त्यांनी रस्त्यात एकाला विचारलं होतं आणि त्याने दाखवलेल्या दारात शिरले होते. गाडीने आपलं काम चोख केलं. दिलेल्या पत्त्यावर नेलं. वाटाड्याने वहीतलं नाव वाचून दाखवलं. ते नाव त्या वहीत कुणी, कशासाठी घुसवलं, हे पाहणं तिसऱ्याच कुणाचं काम होतं, आणि ते आपल्यालाच करावं लागतं.

म्हणून काही साधे नियम सांगतो. पैसे, पेन्शन आणि कागदपत्रं यांच्या कामासाठी शोध घेऊ नका, पत्ता लिहा. एकदा खात्री करून तो पत्ता ब्राउझरमध्ये बुकमार्क करून ठेवा. मदतीचा नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागच्या बाजूवरून घ्या. शोधाच्या निकालावर ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘प्रायोजित’ असं लिहिलं असेल तर ती जागा पैसे देऊन घेतलेली आहे, हे ओळखा.

पान उघडल्यावर वरचा पत्ता वाचा, आणि तो शेवटाकडून वाचा. पोस्टाच्या पत्त्यात गाव शेवटी येतं, तसंच इथे. पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचे शेवटचे शब्द संकेतस्थळाचा खरा मालक सांगतात. सुरुवातीला बँकेचं नाव कुणालाही घालता येतं. ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ हा शेवट भारतात सरकारी संकेतस्थळांसाठी राखीव आहे. रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ असा शेवट राखून ठेवला आणि सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत त्यावर यायला सांगितलं. पत्त्याजवळ कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. वाटेत तुमचं बोलणं कुणी ऐकत नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. पलीकडचा माणूस सज्जन आहे, याची हमी ते देत नाही. आणि फसवणूक झालीच तर लाज न बाळगता लगेच 1930 हा क्रमांक फिरवा. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

आता तर वाटाड्या आणखी बदलतो आहे. पूर्वी तो पत्ता सांगे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जोरावर तो स्वतःच उत्तर लिहून देतो आणि आपण गाडीतून उतरतही नाही. त्यामुळे हे उत्तर कोणत्या पानावरून आलं, ते पान कुणाचं, हे विचारण्याची गरज वाढली आहे.

वाटाड्याशिवाय चालणार नाही, हे मलाही मान्य आहे. अनोळखी विषयात मीही रोज सर्च इंजिनाला विचारतो आणि ते उत्तम काम करतं. पण स्वतःच्या घरी, बँकेत आणि सरकारी कचेरीत जाताना वाट विचारायची नसते. आज हे पुस्तक बाजूला ठेवाल तेव्हा फोन हातात घ्या, आपल्या बँकेचा पूर्ण पत्ता पासबुकावर पाहून वरच्या चौकोनात स्वतःच्या बोटांनी लिहा, आणि बुकमार्क करून टाका. घरातल्या आणखी एका माणसाकडूनही तसंच करून घ्या.

जय हिंद.